‘द मासेस’ : एका बंडखोर समाजवादी मासिकाचा आणि त्यातील चित्रांचा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘द मासेस’ हे नेमके काय होते?

जानेवारी १९११ ते डिसेंबर १९१७ या काळात न्यूयॉर्कमधून निघणारे ते एक सचित्र समाजवादी मासिक होते. ते कोणत्याही पक्षाचे मुखपत्र नव्हते, त्यात लिहिणाऱ्यांना आणि चित्रे काढणाऱ्यांना मानधन मिळत नसे, आणि त्याचा खपही त्या काळच्या धंदेवाईक मासिकांच्या तुलनेत किरकोळ होता. तरीही अमेरिकेतील राजकीय व्यंगचित्रांचा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्याचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. सात वर्षांत त्याच्यावर दोन मोठी फौजदारी प्रकरणे गुदरली आणि दोन्हींत व्यंगचित्रे आरोपाचा आधार ठरली. चित्राचा अर्थ कोणी ठरवायचा, चित्रकाराने, संपादकाने की सरकारी वकिलाने, हा प्रश्न या मासिकाच्या इतिहासात पुन्हापुन्हा उभा राहतो, म्हणून पुढील उत्तरांतही तो वारंवार येईल.

ते कोणी सुरू केले?

पीट व्लाग या डच स्थलांतरिताने. न्यूयॉर्कमधील रँड स्कूल या समाजवादी शिक्षणसंस्थेच्या तळघरात तो खाणावळ चालवीत असे आणि सहकारी चळवळीवर त्याचा अतोनात विश्वास होता. आरंभीचे भांडवल रूफस वीक्स यांनी दिले. ते एका मोठ्या आयुर्विमा कंपनीचे उपाध्यक्ष असूनही समाजवादी होते. व्लागच्या काळातील अंक सद्हेतूचे पण बरेचसे नीरस आहेत. सहकारी भांडारांवरील लेख, सौम्य कथा आणि जेमतेम बऱ्या चित्रांवर मासिक फार काळ तगले नाही. संपादक बदलले, पैसे संपले, आणि ऑगस्ट १९१२ मध्ये ते बंद पडले.

मग मॅक्स ईस्टमन संपादक कसे झाले?

मासिक बुडाले तरी त्याभोवती जमलेले चित्रकार आणि लेखक पांगले नव्हते. आर्ट यंग, जॉन स्लोन, मॉरिस बेकर, चार्ल्स विंटर आणि ॲलिस बीच विंटर, कवी लुई अंटरमायर, लेखिका मेरी हीटन व्होर्स या मंडळींनी बैठक घेऊन मासिक आपणच चालवायचे असे ठरवले. संपादक म्हणून त्यांनी मॅक्स ईस्टमन यांची निवड केली आणि त्यांना तसे कळवून टाकले: तुमची संपादकपदी निवड झाली आहे, पगार मिळणार नाही. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या हाताखाली तत्त्वज्ञान शिकलेल्या या तरुण अभ्यासकाला मासिक चालवण्याचा काडीचा अनुभव नव्हता. डिसेंबर १९१२ पासून नव्या रूपातील अंक निघू लागले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस शिकागोहून आलेले फ्लॉइड डेल व्यवस्थापकीय संपादक झाले. अंक वेळेवर निघण्याचे श्रेय बहुतांशी डेल यांना द्यावे लागेल, कारण ईस्टमन यांना कार्यालयीन कामाचा कंटाळा होता.

अंकात काय छापायचे हे कोण ठरवीत असे?

नियमाप्रमाणे संपादक मंडळाची मासिक बैठक. कोणाच्या तरी चित्रशाळेत किंवा घरी मंडळी जमत, आलेले साहित्य मोठ्याने वाचले जाई, चित्रे सर्वांसमोर धरली जात आणि हात वर करून मतदान होई. मासिकाच्या मालकीतही सर्वांचा वाटा होता. आपण नफ्यासाठी चालत नाही, कोणाचीही मनधरणी करणार नाही, वाचकांचीही नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा प्रत्येक अंकावर छापलेली असे.

या मतदानाची एक हकिकत प्रसिद्ध आहे. अराजकवादी हिप्पोलिट हावेल एका बैठकीत उसळून म्हणाले की कवितेवर मतदान करता तरी कसे, कविता ही आत्म्यातून येते! ‘मदर अर्थ’ या तुमच्या अराजकवादी मासिकातही लेखांची निवड संपादक एकत्र बसूनच करतात ना, असे डेल यांनी विचारताच हावेल उत्तरले, ‘करतो, पण तो निर्णय आम्ही पाळत नाही!’ व्यवहारात ‘द मासेस’चे मंडळही आपले निर्णय फारसे पाळत नसे. अंक छापखान्यात जाण्याच्या वेळी ईस्टमन आणि डेल दोघेच उरत आणि शेवटचा शब्द त्यांचाच ठरे. याच फटीतून पुढे १९१६ चा तंटा उद्भवला.

क्रांतीची भाषा बोलणाऱ्या मासिकाला पैसा कोठून मिळत असे?

श्रीमंतांकडून, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या धनाढ्य ॲल्व्हा बेलमाँट यांच्यासारख्या देणगीदारांकडे ईस्टमन स्वतः जात. विक्री आणि वर्गणी यांतून छपाईचा खर्च कधीच निघाला नाही. प्रत दहा सेंटला मिळे. भांडवलदारांच्या पैशावर भांडवलशाहीला शिव्या, अशी टीका तेव्हाही होत असे आणि ती अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. मात्र जाहिरातदारांची मर्जी राखण्यापेक्षा मोजक्या देणगीदारांचे ऐकून घेणे या मासिकाला सोपे गेले, असे अंक चाळताना जाणवते.

या मासिकातील चित्रांत वेगळे काय होते?

त्या काळच्या अमेरिकन विनोदी नियतकालिकांत चित्र हे विनोदाचे ओझे वाहणारे जनावर होते. गुळगुळीत, कलमाने रेखलेली दोन माणसे समोरासमोर उभी असत आणि खाली दोन-चार ओळींचा संवाद असे. चित्र झाकून ठेवले तरी विनोद कळत असे. स्लोन यांनी मासिकाची मांडणी हाती घेतल्यावर हे पालटले. पान मोठ्या आकाराचे होते आणि त्यावर एकच चित्र ऐसपैस छापले जाऊ लागले, अंकाच्या मधली दोन पाने मिळूनही एकच चित्र येऊ लागले, आणि संवादाच्या जागी एखादी ओळ राहिली किंवा तीही गेली.

दुसरा बदल साधनांचा होता. शिळाछापासाठी वापरला जाणारा तेलकट काळा खडू खरबरीत कागदावर ओढला की रेघ सलग उमटत नाही, कागदाच्या उंचवट्यांवरच काळे ठिपके धरतात. असे चित्र साध्या जस्ताच्या ब्लॉकवरून छापता येते, छायाचित्रासाठी लागणाऱ्या महागड्या जाळीच्या ब्लॉकची गरज पडत नाही, आणि तरीही काळ्यापासून करड्यापर्यंतच्या छटा दिसतात. थोडक्यात, कमी पैशांत, सामान्य कागदावर, चित्रशाळेतील कच्च्या रेखाटनाचा जोर जसाच्या तसा वाचकाच्या हाती पडत असे. रॉबर्ट मायनर आणि बोर्डमन रॉबिन्सन यांनी हा खडू वृत्तपत्रीय व्यंगचित्रात आणला आणि पुढच्या पिढीतील अमेरिकन व्यंगचित्रकारांनी तो उचलला. आर्ट यंग मात्र अखेरपर्यंत शाईच्या जाड, लाकूडठशासारख्या रेघेला चिकटून राहिले.

नमुने युरोपातील होते. फ्रान्समधील दोमिए आणि स्टाइनलेन, म्युनिकचे ‘सिम्प्लिसिसिमुस’ आणि पॅरिसचे ‘लासिएत ओ बर’ ही नियतकालिके या चित्रकारांच्या नजरेसमोर होती. विषय मात्र न्यूयॉर्कचे होते: पूर्वेकडील चाळी, उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर झोपलेली कुटुंबे, दारूचे गुत्ते, रात्रीच्या न्यायालयात उभ्या केलेल्या वेश्या, बंदराचे धक्के.

सुरुवात करणाऱ्याने कोणती चित्रे पाहावीत?

जून १९१३ चे स्टुअर्ट डेव्हिस यांचे मुखपृष्ठ आधी पाहावे. डेव्हिस तेव्हा विशीत होते. दोन कामकरी मुलींचे ओबडधोबड, थकलेले चेहरे पूर्ण पानभर आहेत आणि खाली ओळ आहे, ‘अगं मॅग, आपण दोघी आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर!’ मुखपृष्ठांवर गोंडस, गोऱ्यागोमट्या तरुणी झळकवण्याच्या प्रथेला ही चपराक होती. मात्र ती त्या मुलींच्या खर्चाने बसते की नाही, याविषयी आजही दुमत आहे.

जून १९१४ चे स्लोन यांचे लडलोवरील मुखपृष्ठ वेगळ्या जातीचे आहे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपावरील कोळसा खाणकामगारांच्या तंबूंवर राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. तंबू पेटले आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली ११ मुले व २ स्त्रिया गुदमरून मेल्या. स्लोन यांचा खाणकामगार एका हातावर मेलेले मूल धरून दुसऱ्या हाताने पिस्तूल झाडतो आहे आणि मागे ज्वाळा आहेत. बळी पडलेल्या कामगाराविषयी कणव उत्पन्न करणे सोपे असते. उलट गोळी झाडणारा कामगार मुखपृष्ठावर दाखवणे ही भूमिका होती, आणि एरवी रस्त्यावरचे जीवन मिस्कीलपणे टिपणाऱ्या स्लोन यांच्याकडून ती आली याचे महत्त्व अधिक आहे.

मायनर यांचे सप्टेंबर १९१५ चे चित्र अँथनी कॉमस्टॉक यांच्यावर आहे. अश्लीलता निर्मूलनाच्या नावाखाली पुस्तके, चित्रे आणि संततिनियमनाची पत्रके जप्त करणारे हे गृहस्थ एका बाईला मानगुटीला धरून न्यायाधीशासमोर फरफटत आणतात आणि तक्रार करतात, ‘महाराज, या बाईने नागव्या मुलाला जन्म दिला!’ मायनर यांचेच जुलै १९१६ चे चित्र याहून कठोर आहे. भरतीचा वैद्यकीय अधिकारी हर्षभराने एका धिप्पाड, पीळदार देहाकडे पाहतो आहे, त्या देहाला डोकेच नाही, आणि खाली उद्गार आहे, ‘अखेर परिपूर्ण सैनिक मिळाला!’ त्याच महिन्यात रॉबिन्सन यांनी निरनिराळ्या राष्ट्रांच्या सैनिकांच्या बंदुकांसमोर उभा केलेला येशू काढला आणि त्याला नाव दिले ‘पळपुटा’.

आर्ट यंग यांचे एक छोटे चित्र मात्र या सर्वांपेक्षा जास्त वेळा पुनर्मुद्रित झाले असावे. गलिच्छ वस्तीतील दोन पोरे रात्री आकाशाकडे पाहत आहेत आणि मुलगा म्हणतो, ‘ॲनी, ते तारे बघ, ढेकणांसारखे दाट!’ यात एकही घोषणा नाही.

असोसिएटेड प्रेसने मासिकावर खटला का भरला?

वेस्ट व्हर्जिनियातील पेंट क्रीक आणि कॅबिन क्रीक येथील कोळसा खाणकामगारांच्या संपाच्या बातम्या ही वृत्तसंस्था दडपते, असा आरोप मासिकाने जुलै १९१३ च्या अंकात केला. ईस्टमन यांनी टिपण लिहिले आणि यंग यांनी चित्र काढले: शहराला पाणी पुरवणाऱ्या ‘बातम्या’ नावाच्या जलाशयात एक सुटाबुटातील माणूस असत्य, दडपलेली तथ्ये, पूर्वग्रह अशा नावांच्या बाटल्या ओततो आहे. फौजदारी अब्रुनुकसानीचा आरोप दोघांवर ठेवण्यात आला. त्यानंतर दुसरा आरोप आला, तो असा की चित्रातील तो माणूस म्हणजे वृत्तसंस्थेचे अध्यक्ष फ्रँक नॉयस आहेत. संस्थेचे प्रतीक म्हणून काढलेली आकृती एका जिवंत माणसाची ठरवता येते का, हा प्रश्न न्यायालयात रंगला असता, पण संपातील बातमीदारीचे पुरावे उघड्यावर येण्याची वेळ आली तेव्हा फिर्यादी बाजूचा उत्साह ओसरला आणि दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळून प्रकरण गुंडाळले गेले. फुकटात वकीलपत्र घेणारे गिल्बर्ट रो आणि न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहातील जाहीर सभा यांमुळे मासिकाची प्रसिद्धीच झाली.

१९१६ मधील चित्रकारांचे बंड कशावरून झाले?

चित्राखालच्या ओळीवरून. स्लोन, डेव्हिस, ग्लेन कोलमन, बेकर आदींची तक्रार होती की आम्ही रस्त्यावरचा एक क्षण टिपून देतो आणि ईस्टमन व डेल त्याखाली ओळ घालून त्याला भांडवलशाहीविरोधी धडा बनवतात. त्यांना चित्रे चित्रकारांनी आणि मजकूर लेखकांनी निवडावा, संपादकपदच नको, अशी व्यवस्था हवी होती. वसंतात झालेल्या बैठकांत त्यांचा ठराव पडला आणि स्लोन, डेव्हिस, कोलमन, बेकर यांच्यासह काही जण बाहेर पडले.

आर्ट यंग संपादकांच्या बाजूने उभे राहिले. वृत्तपत्राशी बोलताना त्यांनी टोमणा मारला की या मंडळींना विचार वगैरे काही नको आहेत, त्यांना राखेच्या डब्यांची आणि होरेशियो रस्त्यावर झगे सावरणाऱ्या मुलींची बिनशीर्षकाची चित्रे छापायची आहेत. कलेतिहासात पुढे रूढ झालेले ‘ॲशकॅन’ (राखेचा डबा) हे संप्रदायाचे नाव याच टोमण्यातून आले असे मानले जाते. बंडखोरांचा युक्तिवाद कलादृष्ट्या बळकट होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण डेव्हिस आणि कोलमन यांच्या कितीतरी चित्रांखालची ओळ आज अनावश्यक वाटते. परंतु त्यांच्या जाण्यानंतर, पहिल्या महायुद्धाच्या छायेत, मायनर, रॉबिन्सन आणि यंग यांनी जी चित्रे काढली ती मासिकातील सर्वांत धारदार चित्रे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत ओळ आणि चित्र एकमेकांवाचून उभे राहू शकत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

मासिकात स्त्रियांचे स्थान काय होते?

संततिनियमन आणि मताधिकार हे प्रश्न मासिकाने सातत्याने लढवले आणि संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर यांची बाजू घेतली. कॉर्नेलिया बार्न्स यांची चित्रे मताधिकारविरोधी पुरुषांची खोड मोडणारी आहेत: रस्त्याच्या कडेला रिकामटेकडे रेंगाळणारे, हनुवटी नसलेले तरुण त्या काढतात आणि मतदार म्हणजे हेच, असे सुचवतात. १९१७ मध्ये डोरोथी डे या तरुणीनेही कार्यालयात सहायकाचे काम केले. पुढे कॅथलिक कामगार चळवळीमुळे त्या ख्यातनाम झाल्या. नग्न स्त्रीदेहाची भरड चित्रे छापून कामगार वर्गाचे काय भले होणार, असे खोचक कवनही त्या काळी समाजवाद्यांमध्येच फिरत होते.

वर्णद्वेषाच्या प्रश्नावर मासिक निर्दोष होते का?

नव्हते. कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांचा निषेध करणाऱ्या याच पानांवर त्यांची जाड ओठांची, ठरीव साच्यातील चित्रेही छापली गेली. १९१५ मध्ये एका वाचक स्त्रीने पत्र लिहून याबद्दल स्पष्ट जाब विचारला. चित्रकारांचा उद्देश अपमानाचा नाही, असे उत्तर संपादकांनी दिले. पत्र अधिक खरे होते.

ऑगस्ट १९१७ च्या अंकाचे काय झाले?

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि १५ जून रोजी हेरगिरीविरोधी कायदा संमत झाला. सैन्यभरतीत अडथळा आणणाऱ्यास २० वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद त्यात होती, आणि असा मजकूर टपालातून नाकारण्याचा अधिकार टपाल खात्याला मिळाला. ऑगस्टचा अंक त्या अधिकारान्वये अडवण्यात आला. कोणत्या मजकुरामुळे, असे विचारल्यावर खात्याने चार लेख-कविता आणि चार व्यंगचित्रे दाखवली. त्यांत हेन्री ग्लिंटेनकॅम्प यांनी काढलेली तडकून कोसळणारी स्वातंत्र्यघंटा होती आणि यंग यांचे एक चित्र होते, ज्यात नकाशावर वाकलेल्या धनिकांना काँग्रेसचा (अमेरिकेच्या संसदेचा) प्रतिनिधी ‘माझी जागा कोठे?’ असे विचारतो आणि युद्ध पुकारलेस तेव्हाच तुझे काम संपले, असे उत्तर मिळवतो.

मासिक न्यायालयात गेले. २४ जुलै १९१७ रोजी न्यायाधीश लर्नेड हँड यांनी मासिकाच्या बाजूने मनाई हुकूम दिला. असंतोष निर्माण करणारी टीका आणि कायदा मोडण्याची प्रत्यक्ष चिथावणी यांत फरक केला पाहिजे, नाहीतर लोकशाहीतील कोणतीही कडक टीका गुन्हा ठरेल, असे त्यांनी म्हटले. वरिष्ठ न्यायालयाने आधी हुकूम स्थगित केला आणि नोव्हेंबरमध्ये फिरवला. हँड यांचा विचार मात्र मेला नाही. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीची जी कसोटी घालून दिली, तिच्याशी त्याचे नाते अभ्यासक जोडतात.

टपाल खात्याचा पुढचा डाव तर दफ्तरी चातुर्याचा नमुना म्हणावा लागेल. सवलतीच्या दराने टपाल मिळण्यासाठी नियतकालिक नियमितपणे निघावे लागते. ऑगस्टचा अंक टपालात पडलाच नाही, म्हणजे नियमितपणा खंडित झाला, म्हणून सवलत रद्द! अंक ज्यांनी अडवला त्यांनीच हे कारण पुढे केले. त्याआधीच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्टॉलांनी मासिक विकणे थांबवले होते. टपालही गेल्यावर नोव्हेंबर-डिसेंबर १९१७ चा जोडअंक शेवटचा ठरला.

संपादकांवरील खटल्याचा निकाल काय लागला?

ईस्टमन, डेल, यंग, पत्रकार जॉन रीड, ग्लिंटेनकॅम्प, व्यवस्थापक मेरिल रॉजर्स आणि कवयित्री जोसेफिन बेल यांच्यावर भरतीत अडथळा आणण्याच्या कटाचा आरोप होता. ग्लिंटेनकॅम्प मेक्सिकोला निघून गेले होते आणि रीड रशियातील क्रांतीच्या वार्तांकनानंतर परत पोचायचे होते. एप्रिल १९१८ मध्ये सुनावणी सुरू झाली. बेल यांची मुक्त छंदातील रचना वाचून न्यायाधीश ऑगस्टस हँड यांनी विचारले, याला तुम्ही कविता म्हणता? बचावाचे वकील मॉरिस हिलक्विट म्हणाले, आरोपपत्रात तिला तसेच म्हटले आहे. बेल यांच्यावरील आरोप काढून टाकण्यात आला.

बाहेर युद्धकर्जाच्या प्रचारासाठी बँड वाजत होता. राष्ट्रगीताचे सूर आले की रॉजर्स उठून उभे राहत आणि मग नाइलाजाने सारे न्यायालय उभे राही. हे काही वेळा झाल्यावर न्यायाधीशांनीच ही प्रथा थांबवली. यंग आरोपीच्या जागेवर चक्क झोपी गेले, आणि जागे झाल्यावर त्यांनी खुर्चीत पेंगणाऱ्या स्वतःचे चित्र काढले: ‘आर्ट यंग, जिवावरच्या खटल्यात’. संपादक, धनिक, राजकारणी आणि धर्मोपदेशक युद्धाच्या तालावर नाचत आहेत आणि वाद्यवृंद सैतान चालवतो आहे, या त्यांच्या चित्राविषयी सरकारी वकिलांनी खुलासा मागितला. युद्ध म्हणजे नरक असे अमेरिकन यादवी युद्धातील सेनानी जनरल शर्मन म्हणून गेले आहेत, तेव्हा बँड सैतानाने चालवणे उचितच, असे यंग यांचे उत्तर होते.

ज्युरीचे एकमत झाले नाही. शरद ऋतूत खटला पुन्हा चालला, रीड त्यास हजर होते, आणि ज्युरी पुन्हा दुभंगली. त्यानंतर सरकारने नाद सोडला.

नंतर कोणती नियतकालिके निघाली?

मार्च १९१८ मध्ये मॅक्स ईस्टमन आणि त्यांच्या भगिनी क्रिस्टल यांनी ‘द लिबरेटर’ सुरू केले. त्यात क्लॉड मॅके यांच्या कविता आल्या आणि पुढे मॅके काही काळ त्याचे संपादकही होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मासिक कम्युनिस्ट पक्षाकडे गेले आणि १९२४ मध्ये दुसऱ्या पत्रात विलीन झाले. १९२६ मध्ये ‘न्यू मासेस’ निघाले आणि १९४८ पर्यंत चालले. ह्युगो गेलर्ट आणि विल्यम ग्रॉपर यांची चित्रे त्यात उत्तम आहेत, परंतु पक्षाच्या धोरणाची चौकट घट्ट होत गेली तसा पूर्वीचा खोडकरपणा आटला.

महाराष्ट्राशी या परंपरेचा काही संबंध आहे का?

मूळ मासिकाशी थेट संबंध जोडू नये. एक आडवळणाचा धागा मात्र आहे. मेक्सिकोत राहणाऱ्या छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांची छायाचित्रे ‘न्यू मासेस’मध्ये छापली जात. त्याच मोदोत्तींनी वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांच्या मक्यावरील संशोधनाची आणि शेतीशाळांच्या कामाची छायाचित्रे काढली. खानखोजे यांना मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील आपल्या भित्तिचित्रातही स्थान दिले आहे.

जुने अंक आज कोठे पाहता येतात?

सर्व अंक आता प्रताधिकारमुक्त आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाचे टॅमिमेंट ग्रंथालय, मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट आणि मार्क्सिस्ट्स इंटरनेट अर्काइव्ह यांनी ते संगणकीय रूपात विनामूल्य उपलब्ध केले आहेत. स्लोन यांच्या कलाकृतींचा आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह डेलावेअर कला संग्रहालयात आहे. संकलनग्रंथांत चित्रे बहुधा लहान करून आणि शेजारचा मजकूर गाळून छापलेली असतात, त्यामुळे शक्य असेल तर पूर्ण अंकच पाहावा. १९१६ चा वाद समजून घ्यायचा असेल तर फेब्रुवारी आणि जुलै १९१६ चे अंक शेजारी ठेवून चित्रांखालच्या ओळी आधी झाकून आणि मग उघडून पाहाव्यात.